कोकणातल्या शाळेवर रुजू होताना लॅपटॉप कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठवाड्यातून निवड होऊन गुहागर तालुक्यातल्या समुद्रालगतच्या वाडीवर, पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेत नेमणूक झाली आहे. शिक्षण सेवकाचं मानधन महिना १६,००० रुपये. लॅपटॉपसाठी ४०,००० पर्यंत जुळवाजुळव होईल. दुकानदार गेमिंगचा लॅपटॉप सुचवतोय, सोबतचे शिक्षक म्हणतात कुठलाही चालतो. नक्की काय बघून घ्यावं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. १४ इंची, पूर्ण एचडी आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग न बदलणारी) स्क्रीन, ८ जीबी रॅम आणि ती वाढवायला मोकळा स्लॉट, ५१२ जीबी एसएसडी, टाइप-सीवरून चार्ज होणारा, टीव्ही जोडायला पूर्ण आकाराचं एचडीएमआय पोर्ट असलेला आणि तुमच्या शाळेच्या पिनकोडवर घरपोच सेवा देणाऱ्या कंपनीचा साधा ऑफिस वर्गातला लॅपटॉप घ्या. प्रोसेसर आय३ असला तरी पुष्कळ झालं. गेमिंगचा मुळीच नको. आणि ४०,००० सगळे लॅपटॉपवर घालू नका. तीन-चार हजार बाजूला ठेवा, ते कुठे लागतात ते पुढे सांगतो.

किनारपट्टीवर लॅपटॉप बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: खारी दमट हवा, विजेचा झटका, आणि दुरुस्तीला न्यायला जवळ कोणी नसल्यामुळे आठवडेच्या आठवडे पडून राहणं. जालना-बीडच्या कोरड्या हवेत ज्यांनी लॅपटॉप वापरला आहे त्यांना यातल्या पहिल्या गोष्टीची कल्पना नसते. म्हणून हे उत्तर प्रोसेसरवर कमी आणि या तीन गोष्टींवर जास्त आहे.

घेण्याआधी शाळा बघा

रुजू झाल्या झाल्या पहिल्याच आठवड्यात खरेदी करू नका. पोषण आहाराची रोजची नोंद, हजेरी, प्रशिक्षणाच्या लिंक ही कामं फोनवर होतात, त्यामुळे महिनाभर काही अडत नाही. तेवढ्यात शाळेत काय आहे ते नीट पाहून घ्या. कोकणातल्या बऱ्याच शाळांना मुंबईकर ग्रामस्थ मंडळानं किंवा लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, कधी संगणक दिलेला असतो. तो कपाटात गुंडाळून ठेवलेला असला तरी बाहेर काढून लावून बघा. टीव्हीला एचडीएमआय पोर्ट किती आणि कुठल्या बाजूला आहेत? प्रोजेक्टर जुना असेल तर त्याला फक्त निळं पंधरा टाचण्यांचं व्हीजीए पोर्ट असतं. मग एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. व्हीजीएमधून आवाज जात नाही, म्हणून कन्व्हर्टर घेताना त्याला ३.५ मिमीचं ऑडिओचं भोक असलेलाच घ्या किंवा आवाज थेट लॅपटॉपमधून स्पीकरला द्या.

स्पीकर वेगळा लागेलच. लॅपटॉपचे स्पीकर दीड-दोन वॅटचे असतात. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना पहिल्या रांगेतल्या मुलालाही त्यांचा आवाज येत नाही. वायरचा स्पीकर घ्या. ब्लूटूथच्या स्पीकरवर आवाज चित्रापेक्षा किंचित मागे पडू शकतो, आणि कवितेला टाळ्यांचा ठेका धरायचा असला की ते लगेच जाणवतं.

स्क्रीन

इथे पैसे वाचवू नका. शाळेत टीव्ही असला तरी वीज गेली की टीव्हीही जातो, आणि पावसाळ्यात वीज जाणं नेहमीचंच. त्या वेळी लॅपटॉप हाच फळा होतो आणि सात-आठ मुलं त्याभोवती अर्धवर्तुळ करून बसतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये टीएन पॅनल असतो. तो समोरून ठीक दिसतो, पण बाजूला बसलेल्या मुलाला रंग उलटेपालटे आणि फिकट दिसतात, खाली बसलेल्याला काळपट दिसतो. आयपीएस पॅनलला हा त्रास नाही. दुकानात परीक्षा सोपी आहे: स्क्रीनवर एखादा माणसाचा फोटो उघडा, मग डावीकडे दोन पावलं सरका आणि खाली वाका. चेहऱ्याचा रंग बदलला तर तो लॅपटॉप शाळेसाठी नको, मग किंमत कितीही कमी असो.

रेझोल्यूशन १९२० बाय १०८० हवं. अजूनही काही स्वस्त मॉडेलांत १३६६ बाय ७६८ येतं. त्यात शिक्षण खात्याच्या पोर्टलचे लांब तक्ते मावत नाहीत, ‘जतन करा’चं बटण स्क्रीनखाली जातं आणि माणूस शोधत बसतो. स्क्रीनचा उजेड निट्स या मापात सांगतात. २५० निट्स ही खालची मर्यादा धरा, ३०० मिळाला तर उत्तम, कारण शाळेच्या पडवीत भरपूर उजेड असतो. वरचा थर चकचकीत नको, मॅट हवा.

१४ की १५.६? गुणपत्रकं भरायला १५.६ इंची लॅपटॉपच्या उजव्या बाजूचे आकडे सोयीचे पडतात हे खरं, पण द्विशिक्षकी शाळेच्या पटाला त्यानं फार फरक पडत नाही. रोज एसटीतून किंवा दुचाकीवरून नेताना मात्र अडीचशे-तीनशे ग्रॅमचा आणि पिशवीच्या लांबीचा फरक जाणवतो. १४ इंचीच घ्या. आकड्यांचा वेगळा छोटा कीबोर्ड यूएसबीला जोडता येतो.

प्रोसेसर, रॅम, एसएसडी

कामं कोणती ते आठवा: यू-डायस प्लस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर माहिती भरणं, एक्सेलमध्ये निकालपत्रक, वर्डमध्ये वर्णनात्मक नोंदी आणि टाचण, बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, दीक्षा या सरकारी अभ्यास-अ‍ॅपवरचे व्हिडिओ, ऑनलाइन प्रशिक्षण. यातलं एकही काम प्रोसेसरची दमछाक करणारं नाही. बाराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल आय३ हे सगळं आरामात करतो.

एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये एक गोम आहे. ७००० मालिकेच्या चार आकडी क्रमांकात तिसरा आकडा आतली रचना किती नवी आहे ते सांगतो. ७३२० मध्ये तिसरा आकडा २ आहे, म्हणजे रचना जुनी. ७५३० मध्ये ३ आहे, म्हणजे त्यापुढची. शिवाय ७३२० च्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तो घेणारच असाल तर १६ जीबीचा घ्या, ८ चा नको.

सेलेरॉन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा हळू साठवण) असं लिहिलेला १८-२० हजारांचा नवा लॅपटॉप हा पैसा पाण्यात घालण्याचा सरळ मार्ग आहे. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते, म्हणजे पहिल्या मोठ्या अपडेटलाच जागा संपते, आणि ईएमएमसी भरत आली की मशीन रांगायला लागतं.

८ जीबी रॅम आज पुरते. ब्राउझरच्या दहा टॅब, एक्सेल आणि एखादी ऑनलाइन बैठक एकाच वेळी चालली की ती भरते, म्हणून वाढवायची सोय हवी. दुकानात टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा. ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक असं दिसलं तर सहसा दुसरा मोकळा असतो. तरी मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरची माहिती वाचून खात्री करा, कारण डकवलेली रॅम कधी कधी तिथेही स्लॉट म्हणूनच दाखवली जाते.

गेमिंगचा लॅपटॉप नको असं वर ठासून म्हटलं त्याचं कारण किंमत एवढंच नाही. त्याचा अ‍ॅडॅप्टर बहुधा १२० वॅटच्या वरचा असतो, तो अगदी छोट्या इन्व्हर्टरला झेपेलच असं नाही. बॅटरी लवकर उतरते. आणि त्याचे मोठे पंखे सतत बाहेरची हवा आत खेचतात. किनाऱ्यावर त्या हवेबरोबर काय आत जातं ते पुढे येतंच आहे.

बॅटरी आणि चार्जिंग

‘दहा तास बॅटरी’ या जाहिरातीकडे बघू नका, वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते बघा. स्वस्त लॅपटॉपमध्ये ३८ ते ४२ वॅट-अवरची बॅटरी असते. मध्यम उजेडात लिहा-वाचायचं काम करताना लॅपटॉप साधारण ८ वॅट खातो, म्हणजे पाच तास. दोन वर्षांत क्षमता घटून तेच चार तासांवर येतं. ५० वॅट-अवरच्या पुढची बॅटरी मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

टाइप-सी चार्जिंगचा आग्रह का? एक म्हणजे गोल पिनेचा अ‍ॅडॅप्टर बिघडला तर त्याच मापाचा दुसरा मिळवायला चिपळूण किंवा रत्नागिरी गाठावी लागते. टाइप-सीचा ६५ वॅटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर कुणाकडून तरी उसना मिळू शकतो. दुसरं म्हणजे पॉवर बँक. ६५ वॅट पीडी देणारी २०,००० एमएएचची बँक म्हणजे ७४ वॅट-अवर. वाटेत जाणारं वजा करून साठेक हातात येतात, म्हणजे लॅपटॉप पूर्ण एकदा भरून वर थोडं उरतं. फोनची साधी ५ व्होल्टची बँक इथे चालत नाही, लॅपटॉप तिला बहुधा दादच देत नाही. आणि टाइप-सी भोक दिसलं म्हणजे चार्जिंग होतंच असं नाही. काही लॅपटॉपमध्ये ते फक्त पेन ड्राइव्ह लावण्यापुरतं असतं. दुकानदाराच्या पीडी चार्जरनं समोर चार्ज करून दाखवायला सांगा.

निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगड भागात अनेक दिवस वीज नव्हती. मे २०२१ च्या तौक्तेनंतर सिंधुदुर्गातही तीच गत झाली. अशा वेळी कुणाच्या तरी गाडीतल्या चार्जरवर लॅपटॉप भरता येणं ही चैन राहत नाही.

वीज: खरा धोका कुठे आहे

कमी दाबाची वीज लॅपटॉपचं काही बिघडवत नाही. अ‍ॅडॅप्टरवर ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं. दिवा मिणमिणत असला तरी अ‍ॅडॅप्टर काम करतो. स्टॅबिलायझर घेऊ नका.

धोका आहे तो जास्त दाबाचा. वाऱ्यात झाड पडून खांबावरची न्यूट्रल (परतीची) तार तुटली की २३० च्या जागी दाब ४०० व्होल्टच्या जवळपास चढू शकतो. त्याची खूण म्हणजे दिवे एकाएकी प्रखर होतात, पंखा घोंघावायला लागतो. त्या क्षणी बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटातून उपसून काढायची. वीज आल्यावरही पाच मिनिटं थांबून मग लावा. पहिल्या काही क्षणांत दाब वर-खाली होत असतो आणि अनेकदा ती येते-जाते.

दुसरा धोका आकाशातल्या विजेचा. मेअखेरचे वळवाचे पाऊस आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, हे दोन काळ सर्वांत वाईट. गडगडाट सुरू झाला की चार्जर काढाच, पण एचडीएमआय वायरही काढा. ही वायर हमखास विसरली जाते. टीव्हीला डिशची केबल जोडलेली असेल तर छपरावरच्या डिशमधून आलेला झटका टीव्हीतून एचडीएमआयच्या वाटेनं लॅपटॉपच्या बोर्डापर्यंत पोचतो. मग चार्जर काढलेला असूनही लॅपटॉप गेला कसा, हे कोणालाच कळत नाही.

लाल बटणांचा एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नव्हे. खऱ्या प्रोटेक्टरवर ज्यूलमध्ये क्षमता लिहिलेली असते आणि संरक्षण चालू असल्याचा छोटा दिवा असतो. आतला घटक झटके झेलून झेलून झिजतो, तेव्हा तो दिवा विझला की प्रोटेक्टर बदलायचा. त्यानं पूर्ण काम करायला अर्थिंग लागतं, आणि कोकणात गाडी इथेच अडते. जांभ्यात, म्हणजे इथल्या सच्छिद्र तांबड्या दगडात, पाणी ठरत नाही. एप्रिल-मेपर्यंत अर्थिंगचा खड्डा पार सुकतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या कडेवर बोट फिरवलं आणि मुंग्या आल्यासारखं झालं, तर अर्थिंग गेलेलं आहे किंवा अ‍ॅडॅप्टरची पिन दोन टोकांचीच आहे. अ‍ॅडॅप्टरमधून किंचित विद्युतगळती होतच असते. जमिनीत जायला वाट नसली की ती अंगातून वाट शोधते. मुलं लॅपटॉपला हात लावणार आहेत, म्हणून हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मुख्याध्यापकांना सांगून वायरमनकडून खड्डा तपासून घ्या, कोळसा-मीठ भरून घ्या, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात दोन बादल्या पाणी ओता. तिसरी जाड पिन वगळणारा दोन पिनांचा कन्व्हर्टर कधीही वापरू नका.

खारी हवा

पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. नुसता दमटपणा असता तर फार बिघडत नव्हतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात, ते पंख्यावाटे आत जाऊन बोर्डावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळतं आणि बोर्डावर वीज वाहून नेणारा पातळ ओला थर तयार होतो. बारीक टाके हिरवट पडतात, यूएसबीच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवी भुकटी दिसते, पंखा कुरकुरायला लागतो. हे सगळं हळूहळू होतं आणि वॉरंटीत बसत नाही: कंपन्या गंज आणि पाणी यांची जबाबदारी साध्या वॉरंटीत घेत नाहीत.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. लॅपटॉप रोज चालवा. अर्धा-पाऊण तास चालला की आतल्या उबेनं ओल उडून जाते. पावसाळ्यात आठ-दहा दिवस बंद पेटीत राहिलेला लॅपटॉप रोज वापरलेल्यापेक्षा लवकर बिघडतो. समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली ठेवू नका. बाजारात घट्ट झाकणाचे मोठे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, त्यात लॅपटॉप आणि शंभर-शंभर ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. केशरी जेल ओल पिऊन हिरवट होतं. मग ते एखाद्या जुन्या कढईत मंद आचेवर पुन्हा केशरी होईपर्यंत परतून घ्यायचं आणि गार झाल्यावर परत वापरायचं. ती कढई स्वयंपाकाला घेऊ नका. डब्यात ठेवण्याआधी लॅपटॉप पूर्ण गार होऊ द्या.

शाळेतून घरी नेताना लॅपटॉप नुसता मिटू नका, शट डाऊन करा. आजकालचे लॅपटॉप मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत. पिशवीत असतानाच जागे होऊन अपडेट उतरवतात, तापतात आणि पोचेपर्यंत बॅटरी अर्धी करून ठेवतात. पिशवीवरचं पावसाळी आवरण दुचाकीवर पुरत नाही, पाठीच्या बाजूनं पाणी झिरपतंच. लॅपटॉप आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून, आणि मग सॅकमध्ये.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की, जाणकाराकडून मागचं झाकण उघडून पंखा आणि जाळी साफ करून घ्या. वॉरंटीच्या काळात हे काम कंपनीच्या माणसाकडूनच.

खडूची धूळ हा त्यामानानं छोटा त्रास आहे. लॅपटॉप फळ्यापासून दूर ठेवला की मिटतो.

सेवा आणि वॉरंटी

‘ऑनसाइट वॉरंटी’ असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का, ते वेगळं विचारावं लागतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून शाळेचा आणि खोलीचा, असे दोन्ही पिनकोड सांगा आणि स्पष्ट विचारा की माणूस येतो की लॅपटॉप पाठवावा लागतो, आणि पाठवायचा तर कुठे. कोल्हापूर किंवा पुणे असं उत्तर आलं तर येण्या-जाण्याचा वेळ हिशेबात धरा. जूनमध्ये घाट बंद पडला की तो आणखी लांबतो. माझ्या मते दोन लॅपटॉपांमध्ये निवड अडली, तर वेगवान असलेला सोडून ज्याचा माणूस तुमच्या गावात येतो तो घ्यावा. अपघाती नुकसानीचं जादा संरक्षण वर्षभरासाठी तरी जरूर घ्या. पाणी सांडणं आणि पडणं त्यात येतं, मात्र त्यातल्या अटी वाचून मगच पैसे द्या.

नूतनीकृत लॅपटॉपचं काय?

४०,००० जड जात असतील तर कंपन्यांच्या वापरातून निघालेला, बिझनेस वर्गातला नूतनीकृत (रिफर्बिश्ड) लॅपटॉप हा नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा चांगला सौदा आहे. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांची बांधणी दणकट असते, बिजागऱ्या धातूच्या चौकटीत बसवलेल्या असतात आणि सुटे भाग मिळतात. थिंकपॅड टी४८० ला तर बाहेरून काढता येणारी दुसरी बॅटरी आहे. एक राखीव बॅटरी जवळ ठेवली की लॅपटॉप बंद न करता बदलता येते, आणि वीज नसलेल्या गावात याचं मोल वेगळं सांगायला नको.

अट एकच, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची. विंडोज १० ला असलेला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सहसा आठव्या पिढीखाली अधिकृतपणे चालत नाही. दुकानदारानं जुन्या मशीनवर ते कसंबसं बसवून दिलं तरी पुढच्या अपडेटला अडतं. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता बघा. ७० टक्क्यांखाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला लावा. आणि जुना लॅपटॉप किनाऱ्यावरच वापरलेला घेऊ नका. पुण्यासारख्या कोरड्या हवेतून आलेला घ्या, आणि तरीही यूएसबीच्या भोकांत टॉर्च मारून हिरवी भुकटी नाही ना ते पाहा.

दुकानात तपासताना

झाकण एका कोपऱ्यातून उघडून बघा. चौकट पिळवटली किंवा बिजागरीपाशी कुरकुर आली तर सोडून द्या. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकच्या नळ्यांत घट्ट केलेले असतात. दोनेक वर्षांत त्या नळ्या तुटतात आणि झाकण उचलताना स्क्रीनची चौकट फाटते. वापरतानाही झाकण नेहमी मधोमध धरून उघडा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे ना ते जुळवा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटी कधीपासून सुरू आहे ते बघा. मांडून ठेवलेला नमुना गळ्यात मारला असेल तर तिथे कळतं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. ‘डॉस’ लिहिलेला लॅपटॉप स्वस्त दिसतो, पण त्यात विंडोज नसतं. दुकानदार फुकट टाकून देतो म्हणाला, तर ते चोरीचं असतं.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोबत मिळणार असेल तर ते कायमचं आहे की वर्षापुरतं, ते विचारा आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या खात्यानं चालू करा. नसेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे. शाळेच्या कामाला ते पुरतं, फक्त तालुक्याहून आलेल्या मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फाइल त्यात अडतात. क्रोमबुकही याच कारणानं नको.

घरी आणल्यावर

सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा जोडा. त्याबरोबर देवनागरीचे जादा फाँटही उतरतात. नव्या विंडोजमध्ये मंगल फाँट सुरुवातीला नसतो, म्हणून केंद्रशाळेतून आलेल्या फाइलची पानं विस्कटलेली दिसतात. हे केलं की बसतात. कीबोर्ड इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, जो हाताला बसेल तो ठेवा, पण टायपिंग युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फाँटमधली पत्रकं येतच राहतील, ती कन्व्हर्टर सॉफ्टवेअरनं युनिकोडमध्ये करून घ्या.

रीजन ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवा, नाहीतर ०५/०६ ही जन्मतारीख ५ जूनऐवजी ६ मे होते आणि वर्षभर दुरुस्त्या निघत बसतात. एक्सेलमध्ये आधार आणि विद्यार्थी आयडीचे रकाने आकडे भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं आणि ते परत मिळवता येत नाहीत. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडली की मराठी नावांच्या जागी चिन्हांचा गुंता दिसतो. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती आत घ्या आणि युटीएफ-८ निवडा, नावं नीट दिसतील.

इंटरनेट फोनवरूनच घ्यायचं आहे, तेव्हा हॉटस्पॉटचं जाळं विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेलं) म्हणून नोंदवा, नाहीतर विंडोजचं एक अपडेट दिवसाचा डेटा गिळतं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल नीट जात नाही, फोनमध्ये हॉटस्पॉट २.४ वर ठेवा. त्याहून बरं म्हणजे फोन यूएसबी वायरनं जोडून टेदरिंग करणं. दीक्षावरचे व्हिडिओ घरी किंवा रेंजच्या ठिकाणी उतरवून न्या, वर्गात चालू करून फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसू नका.

मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॅपटॉप सुरू केला की बहुतेक नव्या मशीनवर आतला सगळा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. त्याची ४८ अंकी किल्ली तुमच्या खात्यात साठलेली असते. ती वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीवाल्यानं बोर्ड बदलला की लॅपटॉप ही किल्ली मागतो, आणि ती नसेल तर आतलं काहीच परत मिळत नाही.

बाजूला ठेवलेल्या पैशांतून सर्ज प्रोटेक्टर, डबा, सिलिका जेल, वायरचा स्पीकर आणि ६४ जीबीचे दोन पेन ड्राइव्ह येतात. पॉवर बँक महाग पडते, ती पुढे दिवाळीत घेतली तरी चालेल. दर शुक्रवारी शाळेचं फोल्डर एका पेन ड्राइव्हवर उतरवा आणि तो लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. दुसरा महिनाअखेरीस भरून शाळेच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये खालच्या मजल्यांवरचं सगळं पाण्याखाली गेलं होतं, तेव्हा नदी-खाडीजवळ राहत असाल तर रात्री लॅपटॉप जमिनीवर किंवा पलंगाखाली ठेवायचा नाही. मुलांच्या आधार क्रमांकांच्या फाइलना पासवर्ड लावा, आणि केंद्रशाळेतल्या बैठकीत फिरणारा पेन ड्राइव्ह उघडण्याआधी विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसनं तपासा.

मेच्या सुट्टीत गावी लॅपटॉप नेणार नसाल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून बंद करा, ताज्या परतलेल्या जेलसह डब्यात ठेवा, आणि चार्जर सॉकेटातून काढून त्याच डब्यात टाका.